बंदराची खोली

दर अमावास्येला, ओहोटी अगदी तळाला गेली की
मी धक्क्याच्या सातव्या पायरीवर बसते
आणि दोरी सोडते.
टोकाला शिसं, वीतवीतभर अंतरावर गाठी.
खापरपणजोबांनी वळलेली दोरी ही नव्हे, ती कधीच कुजली.
ही नायलॉनची, निळी,
मच्छीमार सोसायटीच्या दुकानातून आणलेली.
माप तेवढं जुनं.

मग ओकिमुरांच्या वहीत लिहिते: आज पाणी इतकं.
वारा असला तर वारा. मेलेला कासव दिसला तर तोही.

पहिली वही होएइ सनातली.
शाई अजून काळी आहे:
"धरणी हलली. समुद्र आला, गेला.
बंदराचा तळ पुरुषभर वर उचलला गेला,
भरल्या नावा आत येईनात."
पुढे पानंच्या पानं काहीच घडत नाही.
तळ खचतो, वर्षाला तांदळाचे एक-दोन दाणे,
कुणाच्या लग्नात, कुणाच्या सुतकात,
एकशे सत्तेचाळीस वर्षं.

मग आन्सेइतली ती थंडी. तळ पुन्हा वर,
या खेपेला छातीपर्यंतच.
आणि पुन्हा दाणे मोजणं, ब्याण्णव वर्षं,
त्यानंतर आईची डिसेंबरातली पहाट:
पोटात माझा थोरला भाऊ, पायांत एकच खडाव,
टेकडीवरून तिने पाहिलं
उजाडताना बंदरात नावा कुशीवर आडव्या
आणि चिखलात मासे उड्या मारताना.
दुसऱ्या दिवशी ती छिन्नी घेऊन उतरली,
दगडावर खाच पाडली:
काल ओहोटीचं पाणी इथवर होतं.

विद्यापीठातून अमागासा नावाचा पोरगा येतो.
बूट बाहेर काढतो, वह्यांना हात लावण्याआधी हात धुतो.
तो म्हणतो, उसळी जेवढी मोठी
तेवढी पुढची उसंत लांब, पाहा आजी,
आणि कागदावर तीन ठिपके देतो, त्यांतून रेघ ओढतो.
त्याचेच गुरू म्हणतात, हे खरं नाही,
जमीन म्हणजे पतपेढी नव्हे.
तीन ठिपक्यांतून रेघ मीही ओढीन, बाळा.
चौथा ठिपका
चहाच्या पेल्याखाली आहे की टेबलाच्या पार पलीकडे,
हे विचारलं की तो कान खाजवतो.

"आता याची पाळी जवळ आली," तो म्हणाला,
आणि मला हसू फुटलं.
माझी पाळी कधी ठरल्या दिवशी आली नाही.
अठ्ठावीस नाही, तीस नाही.
लेकीच्या वेळी तर दोन महिने मीच फसले,
उन्हाळा बाधला म्हणून लोणच्याचा आलुबुखार चोखत बसले.
पण आत जे भरत होतं
ते भरतच होतं.
हे त्याला सांगितलं नाही. तो लाजला असता.

लेक ताकामात्सुला असते. आई, इकडे ये, म्हणते,
तिथे दहाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो, शांत.
मी म्हणते, एवढी अमावास्या होऊ दे.
दाराशी पिशवी भरलेली आहे: औषधं, शिटी, बिस्किटं.
देवळामागच्या दोनशे चौदा पायऱ्या
गेल्या वर्षी मी सतरा मिनिटांत चढले,
या वर्षी एकोणीस.
हाही आकडा वहीत आहे, शेवटच्या पानावर, उलटा लिहिलेला.

आज नात बरोबर होती, मिहोको, सहा वर्षांची.
पाणी आणि आईची खाच यांच्यामधली भिंत
मी हाताने मोजली. शेवाळ गार.
तीन विती उरल्या.
खोटं, म्हणाली ती, मला मोजू दे.
ओणवी झाली, मी तिच्या फ्रॉकचा पट्टा धरून ठेवला.
एक, दोन, तीन, चार,
आणि वर दोन बोटं.

दोरी वाळत घातली.
वहीत तिचा आकडा लिहिला,
पेन्सिलीने.